दोन मिलिमीटरचा गंधार

रविवारी जेवण झाल्यावर मी आमच्या हौशी बासरी मंडळाचा पंचवीस वर्षांचा इतिहास लिहायला बसते. स्मरणिकेसाठी हवा आहे. पहिलं वाक्यच होत नाही. डोळे जड होतात, आणि टेबलापलीकडे नाडगौडा सर बसलेले असतात. मंडळाचे संस्थापक. जाऊन चार वर्षं झाली, पण झब्ब्याची इस्त्री मोडलेली नाही.

"काय कुमुदबाई, कुठवर आलात?"

"तुमच्यापर्यंत."

"मग संपलाच की इतिहास."

मी उठते तर पायाखाली आमची तालीम व्हायची त्या वाचनालयाच्या हॉलची सतरंजी. चाळीस जण गंधार लावतात आणि चाळीसही जण चुकतात. कारण साधं आहे. सरांनी पहिली बासरी स्वतः केली. तापल्या सळईने भोकं पाडताना गंधाराचं भोक दोन मिलिमीटर खाली पडलं. पुढच्या सगळ्या बासऱ्या तिच्याच मापाने झाल्या. माझी तेवढी बाहेरून आणलेली.

"तुमचा एकटीचा सूर वेगळा लागतो," सर म्हणतात.

"बरोबर लागतो. मोजलाय मी."

आता हॉल नाही, मी शिकवायचे ती कॉलेजची प्रयोगशाळा आहे. सर उंच स्टुलावर, पाय लोंबते.

"चार लोकांत फूटपट्टी काढायची नसते, बाई."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच महिन्यात कळलं. पण बासऱ्या वाटून झाल्या होत्या. आणि टाळ्याही पडत होत्या."

खिशातून ते कापसाचा बोळा काढतात. दर कार्यक्रमाआधी मला द्यायचे तोच, माझ्या बासरीच्या फुंकायच्या भोकात बसवायला. मी नुसती बोटं हलवायची. अकरा वर्षं हलवली. हा माणूस भेकड होता. पण बोळा बसवणारे हात माझे होते, आणि तेही काही कमी भेकड नव्हते.

"लिहा, सगळे एका सुरात वाजवायचे. खोटं नाही ते."

"आणि मी?"

"तुम्ही शोभेला होतात."

पडदा वर जातो. समोर गच्च भरलेलं सभागृह. मी नखाने बोळा उपसते आणि गंधार लावते. स्वच्छ, एकटा.

"बेसूर!" माझ्या शेजारी वाजवणारे दातांचे डॉक्टर ओरडतात. चाळीस जण माना डोलावतात. सरसुद्धा.

त्या ओरडण्यानेच जाग येते. चार वाजले आहेत. बासरी कपाटात, कुलपाआड. कोऱ्या कागदावर मात्र कापसाचा एक पिवळट बोळा पडला आहे, एका बाजूने ओला.

मी तो चिमट्याने उचलून बशीत ठेवते आणि पहिलं वाक्य लिहिते: आमच्या मंडळाचा गंधार पंचवीस वर्षं चुकीचा आहे.