लोखंडी कपाटातली पेटी

धायरीतल्या त्या निवृत्त गृहस्थांचा मला अजूनही राग येतो. त्यांच्या बंगल्यात मी अलार्म बसवला होता. चोरानं इंटरनेटची वायर कापली तरी आमच्या ऑफिसला कळावं, म्हणून सोबत सिमकार्डची एक छोटी पेटी दिली होती. पेटीची रेंज गेली की आमच्या स्क्रीनवर लाल खूण येते. त्यांच्या नावापुढची खूण आठवडाभर हटेना. मी तीन फोन केले. तिन्ही वेळा एकच उत्तर मिळालं, ‘आमच्याकडे सगळं व्यवस्थित आहे, तुमचंच तपासा.’

शेवटी कात्रजहून तडफडत गेलो. भिंतीवर पेटी नव्हती. गृहस्थांनी जानव्याला अडकवलेल्या किल्लीनं लोखंडी कपाट उघडलं. मागून भोक पाडून, वायर आत घेऊन त्यांनी पेटी दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवली होती.

‘महागाची वस्तू आहे. चोरानं नेली तर?’

‘अहो, लोखंडाआड रेंज पोचत नाही!’

‘आम्हाला शिकवू नका.’

माझं डोकं सटकलं. त्यांचाच मोबाईल मागून घेतला, पेटीशेजारी ठेवला, कपाट बंद केलं आणि माझ्या फोनवरून त्यांचा नंबर लावला. कपाटात काही वाजलं नाही. संपर्क होऊ शकत नाही, असं फोनमधली बाई सांगू लागली, तेव्हा मी स्पीकर लावून त्यांना ऐकवलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग स्वयंपाकघराकडे वळून बायकोला म्हणाले, ‘अगं, ऐकलंस का? या माणसानं आता माझा फोनही बिघडवला.’