उशाखालचं लोखंड

आमच्या घरात रिव्हॉल्व्हर आलं त्या दिवसापासून मी घाबरून आहे, हे आधीच सांगून टाकते. महाडच्या शाळेत मी मराठी शिकवते, मुलं मला टरकून असतात. पण घरातल्या कपाटाचा वरचा खण उघडायची वेळ आली की माझ्या हाताला घाम सुटतो.

यजमान सैन्यातून निवृत्त झाले आणि एका व्यावसायिकाचे अंगरक्षक म्हणून कामाला लागले. त्यासाठी त्यांनी रीतसर परवाना काढला, रीतसर हत्यार घेतलं. "घरालाही आधार," असं मला वर ऐकवलं. परवान्याची हद्द महाराष्ट्रापुरती होती. "राज्याबाहेर नेलं तर मी गुन्हेगार, सरळ तुरुंग," हे त्यांनीच पहिल्या दिवशी सांगितलं, आणि बाकीचं सगळं विसरून मी तेवढंच लक्षात ठेवलं. निवडणुका लागल्या की ते पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. आचारसंहितेची इतकी आतुरतेने वाट बघणारी अख्ख्या महाडात मी एकटीच असेन.

खंडेनवमीला आम्ही दरवर्षी सासरी जातो. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरावर आमची वाडी आहे. त्या दिवशी घरातलं सगळं लोखंड देवापुढे मांडतात: कोयत्या, विळे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ. गेली काही वर्षं त्या ओळीत रिव्हॉल्व्हरही असतं. यजमान ते रिकामं करून ठेवतात, गोळ्या बाजूला वाटीत, आणि सासूबाई कोयतीला लावतात तितक्याच मायेने त्याला हळदकुंकू लावतात. मांडलेली पूजा दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत हलवायची नाही, आणि हलवायची ती घरातल्या थोरल्या बाईनेच, असा आमच्याकडचा रिवाज.

यंदा दसऱ्याच्या सकाळीच जावयांचा फोन आला. लेक गोव्यात असते, तिला आठवा चालू होता. पुढच्या आठवड्यात तिला बाळंतपणाला आणायचं ठरलं होतं. तिचा रक्तदाब एकदम वाढला होता आणि तिला म्हापशाच्या दवाखान्यात हलवलं होतं. मग फोन तिने घेतला. तिचा आवाज मला ओळखू येईना. "आई, बाबांना घेऊन ये. बाबा आले की मला भीती वाटणार नाही."

दहा मिनिटांत आम्ही गाडीत होतो. निघताना यजमानांनी पेटीची किल्ली सासूबाईंच्या हातात दिली. "आये, माझं ते पेटीत ठेव, कुलूप लाव. संध्याकाळचं काय थांबू नको."

"ठेवते रे. तू जा, पोरीकडं बघ," म्हणत त्यांनी खिडकीतून एक गाठोडं माझ्या मांडीवर दिलं. नाचणीच्या पिठाचा डबा, ओटीचा नारळ, तांदूळ, घटातलं रुजवण. गाठोडं चांगलंच जड होतं. म्हातारीने नातीला अख्खं कोठार बांधून दिलंय, असं मनात म्हणत मी ते घट्ट धरलं.

कशेडीच्या बोगद्यात शिरलो तेव्हा मला रडू आलं. आठव्या महिन्यातलं बाळ, रक्तदाब, दुसरं काही सुचत नव्हतं. चिपळूण गेलं, राजापूर गेलं, कणकवली गेली. मध्ये कुठेतरी एकच विचार मला जरा बरा वाटला, की निदान ते कपाटातलं भूत आज आपल्याबरोबर नाही. ते वाडीवर पेटीत कुलपात आहे. तसं मी त्यांना बोलूनही दाखवलं. "आज तरी माझ्या मागचं ते लचांड सुटलं," असं म्हणाले, आणि गाठोडं छातीशी धरून डोळे मिटले.

बांदा ओलांडून गोव्याच्या नाक्यापाशी आलो तर गाड्यांची रांग. सणामुळे तपासणी कडक होती. पुढच्या गाडीची डिकी उघडायला लावत होते, पिशव्या खाली काढायला लावत होते. तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. वाडीत रेंज फक्त देवळामागच्या कातळावर मिळते, म्हणजे गुडघे दुखत असताना त्या तिथवर चढून गेल्या होत्या. मी फोन स्पीकरवर टाकला.

"पोचल्याव काय गो? बाळ झालं की लगेच उशाखाली लोखंड ठेव, विसरू नको."

आमच्याकडे बाळंतिणीच्या उशाखाली विळा नाहीतर कोयती ठेवतात, वाईटसाईट जवळ येऊ नये म्हणून. मी म्हटलं, "ठेवते आई, तिथे सुरी मिळेल."

"सुरी कशाला? मी दिलंय ना. कोयतीला गंज हाय, म्हणून त्याचं ते घातलंय पिठात. काल पूजलेलं, आजाचं लोखंड. बाळाला हात लावायची कुणाची टाप नाय. आणि ती पितळंची पिल्लं पण घातलीत, फडक्यात बांधून."

यजमानांनी हात लांब करून फोन बंद केला. मांडीवरचा डबा मला एकदम गरम लागायला लागला. खोटं नाही सांगत, मला वाटलं ते आत्ता उडणार. पुढची गाडी सुटली, आमच्यापुढे आता दोनच गाड्या उरल्या होत्या. "आता काय?" एवढंच मी विचारलं, तेही माझं मलाच ऐकू आलं नाही.

त्यांनी गाडी रांगेतून काढली आणि वळवायला घेतली. लगेच शिट्टी वाजली. एक पोलीस चालत आला, खिडकीत वाकला. त्याची नजर यजमानांवरून माझ्यावर आली, माझ्यावरून गाठोड्यावर.

"परत का फिरलात?"

यजमानांना खोटं बोलता येत नाही. इतकी वर्षं मी त्यावरून त्यांची टिंगल करत आले. आताही ते तोंड उघडून नुसतेच बसले. मीच म्हणाले, "मुलगी म्हापशाला दवाखान्यात आहे. तिची फाईल मागे बांद्याला हॉटेलात राहिली. आठवा महिना आहे हो तिचा." आणि मी रडले. रडणं खरं होतं, बाकी सगळं खोटं. त्याने गाठोड्यातून बाहेर आलेल्या नारळाच्या शेंडीकडे बघितलं आणि म्हणाला, "सावकाश चालवा."

बांद्याच्या एसटी स्टँडमागे गाडी उभी केली. त्यांनी डब्यात हात घातला आणि ते बाहेर काढलं. पीठ लागलेलं, मुठीवर हळदकुंकू तसंच. गोळ्यांची चक्री उघडून बघितली, रिकामी होती. मग फडकं सोडून गोळ्या मोजल्या, पुन्हा मोजल्या. सैन्यात उभी हयात गेली त्या माणसाची, तरी तिसऱ्यांदा मोजल्या.

"नदीत टाका," मी म्हणाले. "तेरेखोल इथेच आहे. टाका आणि चला."

"हरवलं तरी चौकशी, टाकलं तरी गुन्हा. गाडीत सोडून जाता येत नाही, कुणाच्या ताब्यात देता येत नाही."

"मग ठाण्यात जमा करा."

"हे डब्यात कसं आलं ते सांगावं लागेल. म्हातारीला जबाबाला बोलावतील. आज सोडतील का मला?" ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "तू एसटीने जा. मी हे वाडीवर नेऊन ठेवतो आणि येतो."

मी त्यांच्यावर खूप ओरडले. आधार म्हणून आणलंत ना घरात, आता घ्या आधार, असं काहीबाही बोलले. तेवढ्यात लेकीचा फोन आला, तिला शस्त्रक्रियेला घ्यायचं ठरलं होतं. "बाबा आहेत ना बरोबर?" तिने विचारलं. मी म्हटलं, "आहेत. आलोच."

एसटी लागली. मी दारात चढताना ते धावत आले. त्यांनी डिकीतून चाकाचे नट काढायचा पान्हा काढून आणला होता, स्वतःच्या रुमालात गुंडाळून. "उशाखाली ठेव," म्हणाले. नाक्यावर पोलीस एसटीत चढले, माझं गाठोडं सोडलं, पान्हा हातात घेऊन उलटसुलट बघितला. तो साधा पान्हा होता, पण मी गाठोड्यावरून नजर काढत नव्हते. गोळी एखादी त्यात राहिली असेल, नारळाच्या शेंडीत अडकली असेल, असं माझ्या मनाने घेतलं होतं. पोलिसाने पान्हा परत गाठोड्यात टाकला.

दवाखान्यात पोचले तेव्हा तिला स्ट्रेचरवर घेऊन निघाले होते. चेहरा सुजलेला, ओळखू न येणारा. तिने माझ्या खांद्यावरून मागे बघितलं.

"बाबा?"

"गाडी लावतायत," मी म्हणाले.

तिने मान हलवली. आतल्या दारापर्यंत ती बाहेरच्या दाराकडेच बघत होती. दार बंद झालं आणि मी तिथल्या बाकावर पान्हा मांडीवर घेऊन बसले. तितकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. कपाटातल्या त्या वस्तूची तर नाहीच.

मुलगी झाली. एवढीशी, काचेच्या पेटीत ठेवलेली. लेकीला शुद्ध आली, रक्तदाब उतरायला लागला. मी पान्हा तिच्या उशाखाली सरकवला. नर्सने ते बघितलं आणि उशी नीट करून पुढे गेली. बहुधा तिच्या घरीही ठेवत असतील.

यजमान दुसऱ्या दिवशी दुपारी आले. हत्यार वाडीवर नेऊन कुलपात ठेवलं होतं, आणि झोपेने डोळे मिटत होते म्हणून गाडी तिथेच सोडून ते एसटीनेच परत आले होते. कपडे कालचेच. ते खाटेजवळ उभे राहिले, पण पुढे येईनात. लेकीने डोळे उघडले आणि त्यांच्याकडे बघितलं.

"बाबा," ती म्हणाली, "गाडी लावायला इतका वेळ लागतो?"

तिचा बाप खाली बसला आणि खाटेच्या कडेवर डोकं ठेवून रडला.