सिमेंटच्या रस्त्याची कड

आमच्या घरात पत्रक खालून वर वाचतात. आधी छापणाऱ्याचं नाव, मग मागणी, आणि वेळ उरला तर वरचं ‘बंधू-भगिनींनो’. मोर्च्यांची, जयंत्यांची, वसतिगृहासाठीच्या धरण्यांची पत्रकं गादीखाली असायची, कोनाड्यात असायची. बाबांनी मला त्यांच्यावरच वाचायला शिकवलं. “कोन बोलून राह्यला ते आंधी पाहाय, काय बोलून राह्यला ते मंग,” असं ते म्हणायचे. त्यामुळे असेल, पण माझा कुणावर पटकन विश्वास बसत नाही.

धाडहून आमच्या गावाकडे येणारा रस्ता सिमेंटचा झाला तेव्हा सगळं गाव खूश होतं आणि मी त्याची कड पाहत होते. रस्ता वीतभर उंच झाला होता आणि बाजूला मुरूम भरलाच नव्हता. मोटारीला त्याचं काही वाटत नाही. सायकलवाल्याच्या मागे हॉर्न वाजला की त्याने उतरायचं, नाहीतर पडायचं.

माझी धाकटी बहीण पडली. ती बारावीत आहे. शाळेतून मिळालेल्या सायकलवर ती धाडच्या कॉलेजात जायची, आणि कॅरिअरवर तिची मैत्रीण डबलसीट. मैत्रिणीकडे सायकल नाही, त्यामुळे एका सायकलवर दोघींची बारावी चालली होती. मागून गिट्टी भरलेला हायवा, म्हणजे मोठा डंपर, आला, तो काही थांबला नाही, आणि दोघी कडेवरून खाली गेल्या. बहिणीचं कोपर सोललं, मैत्रिणीच्या पायाला मुका मार लागला. हायवाच्या मागे नंबर होता, पण चिखलाने माखलेला. मला तो चिखलही खरा वाटला नाही. पाऊस संपून महिने झाले होते.

बाबांनी सायकल गोठ्यातल्या खुंटीला टांगली.

“रस्त्याले साइड होईस्तोवर सायकल खाली येनार नाही.”

“मंग मी जाऊ कशी?”

“एसटीनं जाय.”

“एसटी पोचते तवा दुसरा तास संपते, बाबा.”

“मंग जीपनं.”

“दाराले लटकून?”

बाबांनी खुंटी पक्की आहे का ते हलवून पाहिलं. पण मैत्रिणीच्या घरी एवढंही बोलणं झालं नाही. तिला सरळ घरी बसवलं. बोर्डाचे पेपर जवळ येत होते.

मी मोटारींच्या कायद्यात सायकल शोधत बसले. मोटार म्हणजे काय हे तिथे नीट सांगितलं होतं, आणि त्या व्याख्येत सायकल बसत नव्हती. रस्ता मात्र दोघींना एकच. मग मी ग्रामसभेसाठी मागणी लिहिली. कडेला दोन्ही बाजूंनी मुरूम भरून रस्त्याच्या बरोबरीने दाबावा. कॉलेजच्या फाट्यावर गतिरोधक करावा. आणि सायकलला मागे टाकताना मोठ्या गाडीने दीड मीटर जागा सोडलीच पाहिजे असा नियम सरकारने करावा, ही शिफारस गावाने वर पाठवावी. कागद घेऊन मी सह्यांसाठी निघाले.

पहिले भेटले लसूणवाले काका. ते आयुष्यभर सायकलला दोन पोती बांधून बाजार करत आलेत. मला वाटलं, यांची सही तर धरलेलीच.

“कायद्याचं नाव काढू नको, माय,” ते म्हणाले.

“काऊन?”

“आमच्या टायमाले शहरात सायकलले कायदा होता. टॅक्साचा बिल्ला लागे. बिल्ला नसला का नाक्यावर पकडे. दिवा नसला का हवा सोडे. डबलसीट असली का दोन्ही चाकाची सोडे. आता कायदा नाही, तं चाकात हवा हाय. तू पुन्हा काऊन आनून राह्यली?”

“हा नियम हायवासाठी आहे काका, तुमच्यासाठी नाही.”

“हायवाले हात कोन दाखवते, सांग वं? सापडनार तं मीच.”

पानटपरीवर आणखी वाईट. “कोन्या पार्टीची हाय तू?” एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, “पंचायत समितीचं तिकीट पायजे असन हिले.” तिसऱ्याने कागद हातात घेतला, उलटून मागची कोरी बाजू पाहिली आणि परत दिला. “इथं काय लिवनार हायेस?” एकही सही मिळाली नाही. मी संतापले. ज्यांच्यासाठी भांडायचं तेच आपल्याकडे चोर म्हणून बघतात, असं घरी येऊन बाबांना म्हटलं. बाबा हसले.

दोनच दिवसांनी सरपंच स्वतः आमच्या घरी आले. चहात साखर कमी होती तरी त्यांनी चहाचं कौतुक केलं.

“ताई, तुमची मागनी मंजूरच समजा. उलट आपून मोठं काम करू. सायकलवाल्यांसाठी स्वतंत्र मार्ग!”

ते गेल्यावर बाबांनी त्यांचा रिकामा कप उचलला. “चहा पिला, अन् एकबी सवाल केला नाही,” ते म्हणाले. “हे काही बरं नाही.” सरपंचांचे स्वतःचे दोन हायवा गिट्टी वाहतात, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

आमच्याकडे ग्रामसभेची एक रीत आहे. माणूस आला की आधी रजिस्टरवर सही, मग चहा, मग भाषण. ठराव ग्रामसेवक सवडीने त्या सह्यांच्या वर लिहितात. माझ्या मागणीवरच्या सभेतही रजिस्टर फिरायला लागलं होतं आणि सरपंच उभे राहून सांगत होते. नाल्याकाठची जुनी पांदण साफ करून तिथून ‘सायकल मार्ग’ काढायचा. टाळ्या वाजल्या. मी पांदण आठवून बघत होते. ती काळ्या मातीची वाट आहे. पावसाळ्यात तिथे बैलगाडीचं चाकही फिरत नाही.

मी उभी राहिले. “पांदण झाल्यावर सिमेंटच्या रस्त्यावरून सायकल नेता येईल का?”

“ताई, सोय केल्यावर कशाले पायजे? थोडी शिस्त लागते ना.”

“म्हणजे बंदी?”

“बंदी मी म्हनलोच नाही. शिस्त म्हनलो.”

रजिस्टर तेव्हा लसूणवाल्या काकांच्या मांडीवर होतं, पेन हातात. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“सरपंचसाहेब, मी लसून घेऊन सिमेंटावरून गेलो तं शिस्त काय करन? हवा सोडन?”

मोठा हशा झाला. सरपंचही हसले. “काका, नियम म्हनजे नियम.”

त्यानंतर कोणी हसलं नाही. काकांनी रजिस्टर सही न करता पुढे सरकवलं. पुढच्याने तसंच पुढे सरकवलं. पानटपरीवाल्या तिघांनीही. फिरत फिरत ते ग्रामसेवकांकडे जवळजवळ कोरंच परत आलं. सह्या नाहीत तर सभाही नाही.

“अहो, सह्या करा ना,” ग्रामसेवक म्हणाले.

“आंधी लिवा,” काका म्हणाले. “मंग वाचा. मंग पाहू.”

हा तोच माणूस, ज्याच्यावर मी चिडले होते. माझ्या कागदाला जे केलं तेच त्यांनी सरपंचांच्या रजिस्टरला केलं होतं. मी माझी मागणी मोठ्याने वाचली. मुरूम, गतिरोधक, दीड मीटर. काका समाधानी नव्हतेच.

“बिल्ला नाही, हवा सोडनं नाही, सिमेंटावरून हाकलनं नाही. हे पयलं टाका. तुह्या कागदात ते कुठंच नाही, माय.”

“असं ठरावात लिहिता येत नाही,” ग्रामसेवक म्हणाले.

“मंग सही बी करता येत नाही.”

शेवटी लिहिलं गेलं: ‘सायकलस्वारांवर कोणतेही शुल्क, दंड वा बंदी न घालता’, आणि मग बाकीचं. काकांनी ते दोनदा वाचून घेतलं, तेव्हा कुठे सह्या झाल्या. सरपंचांचीही झाली. त्यांनी ती फार लवकर केली, एवढं मी लक्षात ठेवलं आहे.

काही आठवड्यांनी मुरूम आला. तो धाडकडे जाणाऱ्या बाजूलाच पडला. दुसरी बाजू ‘पुढच्या टप्प्यात’, असं सांगण्यात आलं. गतिरोधकाचं कोणी बोलत नाही. दीड मीटरची शिफारस वर गेली म्हणतात. वर म्हणजे कुठे, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

बाबा जाऊन टाचेने मुरूम दाबून आले.

“एकच बाजू हाय,” ते म्हणाले.

“जाताना तं साइड हाय ना,” बहीण म्हणाली.

“अन् येताना?”

“येताना हायवा दिसला का उतरू आमी. ही मांगं बसून रस्ताच पाहात राहीन.”

मैत्रीण दप्तर घेऊन दारात उभीच होती. तिच्या घरच्यांनी एवढंच म्हटलं होतं, की तुमच्याकडची सायकल खाली आली तर जा.

बाबा गोठ्यात गेले. मग त्यांनी सायकल खाली काढली, धूळ पुसली आणि पंपाने हवा भरली. बहिणीने पुढचं चाक अंगठ्याने दाबून पाहिलं, मग मागचं.

“माह्यावर भरोसा नाही काय?”

“तुमीच शिकवलं,” ती म्हणाली.

मैत्रिणीनेही मागचं चाक दाबून पाहिलं आणि कॅरिअरवर बसली. दोघी मुरुमावरून गेल्या. मी गावाच्या फाट्यापर्यंत त्यांच्या मागे चालत गेले, येणाऱ्या प्रत्येक हायवाचा नंबर वाचत.