काचेच्या दुकानातला खरवस

एका डबीचे तीनशे ऐंशी रुपये! मी दोनदा विचारलं. काउंटरमागच्या मुलीनं मोबाईलमधून मान वर न काढता बोटानं काचेवरची चिठ्ठी दाखवली. तीनशे ऐंशीच होते, आणि डबी होती माझ्या तळहातात मावेल एवढी.

नगरला आमच्या रस्त्यावर हे काचेचं दुकान नुकतंच उघडलं होतं. आत चीज, काळे ऑलिव्ह, दगडासारखे पाव आणि नावं वाचता येणार नाहीत अशी सॅलडं. एरवी मी त्याची पायरीही चढले नसते. पण दाराशी फळीवर खडूनं लिहिलं होतं, 'अस्सल गावरान खरवस', आणि माझे वडील अकरा दिवस धड जेवले नव्हते.

वडिलांना आम्ही तात्या म्हणतो. पाथर्डीकडच्या एका वाडीत जन्मभर शेती केली, म्हशी सांभाळल्या. डेंग्यू झाला म्हणून मी त्यांना माझ्या फ्लॅटवर आणलं. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. दोन घास झाले की ताट सरकवायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. डॉक्टर म्हणाले, मागतील ते द्या, नाहीतर दवाखान्यात ठेवावं लागेल. त्यांनी मागितला फक्त खरवस. भावाला गावी फोन केला, तर अर्धी वाडी ऊसतोडीला गेलेली आणि उरलेल्यांत कुणाची म्हैस व्यायलेली नव्हती. मग मी काय करणार?

"चव बघायला मिळेल का?" मी विचारलं. आमच्या नगरात पेढेवाला न मागता हातावर पेढ्याचा तुकडा ठेवतो. त्या मुलीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या ताटात हात घातला.

"टेस्टिंग नाही मॅडम. ऑर्डर स्क्रीनवर करा."

स्क्रीन अडकली. काळा एप्रन घातलेला एक साहेब आला, त्यानं ती बंद करून चालू केली आणि निघून गेला. मग टोकन मिळालं. एक डबी फ्रीजमधून काढून माझ्या हातात द्यायला पस्तीस मिनिटं लागली, कारण माझी डबी आधी दुसऱ्याच बाईला दिली गेली आणि ती गाडी सुरू करून निघूनही गेली. "सॉरी" हा शब्द कुणाच्या तोंडून निघाला नाही. पिशवीचे वीस रुपये मात्र वेगळे लावले.

"चीक कुठून आणता?" मी जाताजाता विचारलं.

"सेंट्रल किचनमधून."

सेंट्रल किचन कधी व्यायलं, असं विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. घरी माणूस उपाशी होता.

जिन्यात माझ्या लक्षात आलं, की विकतचा खरवस तात्या तोंडात घालणार नाहीत. आमच्याकडे चीक विकत नाहीत. म्हैस व्यायली की रेडकाचं पोट आधी आणि उरला तो चीक शेजारीपाजारी वाटायचा, ही आमच्या घरची रीत. एकदा एक हॉटेलवाला पैसे घेऊन दारात आला होता, तर तात्यांनी त्याला चहा पाजून रिकाम्या हातानं परत पाठवलं होतं. म्हणून मी स्वयंपाकघरात डबीवरचा कागद फाडून केरात टाकला, खरवस माझ्याच स्टीलच्या डब्यात काढला आणि धडधडीत खोटं बोलले.

"समोरच्या बाईंच्या माहेरची म्हैस व्यायली. त्यांनी दिलाय."

तात्या उठून बसले. पहिला चमचा तोंडात ठेवला आणि थांबले. मग त्यांनी दुसरा घेतला, तिसरा घेतला, आणि अगदी तळाचं खरवडून डबा रिकामा केला. मला रडू येत होतं आणि हसूही. चारशे रुपये गेले खड्ड्यात, माझा बाप जेवला!

"बाई," ते तोंड पुसत म्हणाले, "ह्यो चिकाचा न्हाई बरं का. पावडरीचा हाय."

"मग खाल्लात कशाला?"

"त्यांची म्हस व्यालीच नसंल. आपल्यासारख्या दुखणाईताला न्हाई कसं म्हनावं म्हून बिचारीनं पावडर आनून केला. लई मोठं मन लागतं त्याला. असं दिल्यालं टाकत्यात व्हय?"

मी तिथल्या तिथे खरं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. तेवढ्यात तात्यांनी पलंगाखाली पाय सोडले. अकरा दिवसांत बाथरूमपलीकडे न गेलेला माणूस भिंतीला धरून उभा राहिला आणि टोपी मागायला लागला.

"डब्यात गुळाचा खडा घाल. दिल्याघरी रिकामा डबा जाऊ नये. मीच देतो नेऊन."

"तात्या, मी देते ना नंतर."

"खाल्लं म्या, आन् जानार तू?"

गूळ घातला. काय करणार! आमच्या मजल्यावर समोर एकच दार आहे, त्यामुळे चुकवायलाही जागा नव्हती. मी सहा वर्षं या फ्लॅटमध्ये राहते. त्या बाईशी माझं बोलणं झालं होतं एकदाच, चपलांच्या स्टँडवरून, आणि ते भांडण होतं. तात्यांनी माझ्याआधीच बेल दाबली.

दार उघडलं. हाताला कणीक लागलेली ती बाई आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिली. तात्यांनी माझाच डबा दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

"पोरी, तुज्या हातचं खाऊन बसता झालो बग. माहेरची म्हस सुखरूप मोकळी होऊ दे."

मी त्यांच्या खांद्यामागून हात जोडले. माझा चेहरा कसा झाला होता कोण जाणे. तिनं एक क्षण विचार केला, पदराला हात पुसले आणि डबा घेतला.

"आत या ना काका," ती म्हणाली, "उभे का? थकलेले दिसता."

तात्या आत गेले. ती वळून मला म्हणाली, "तुम्हीपण या." मी उंबऱ्यातच अडखळले आणि तिला काय म्हणून हाक मारायची ते कळावं म्हणून सहा वर्षांत पहिल्यांदा तिच्या दारावरची पाटी वाचली.