आईचं खरं दुखणं

आई गेली तेव्हा मी बालवाडीत होते. तिचा चेहरा मला फोटोपुरताच ठाऊक. त्यावरून गणपतीशी माझं कायमचं भांडण. संकष्टी धरायची आणि वर त्यालाच सुनवायचं, अशी माझी भक्ती. यंदा छातीत दुखायला लागलं. बीडच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून विचारलं, "घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर होता?" मी ठासून सांगितलं, "कुणालाच नाही. आई काविळीने गेली." त्यांच्या हाताला गाठ लागली नाही, तरी मन थाऱ्यावर येईना.

संकष्टीला लिंबागणेशच्या गणपतीला गेले. आईचं माहेर त्याच भागातलं, पण तिथे आता आमचं कुणी उरलं नाही. रांगेतली एक म्हातारी सारखी वळून बघत होती. शेवटी माझी हनुवटी धरून म्हणाली, "गंगूची लेक का गं तू? तसंच त्वांड हाय." ती आईची बालमैत्रीण निघाली. मला भडभडून आलं. आई कशी हसायची, काय खायची, मी विचारतच सुटले. बोलता बोलता काविळीचा विषय निघाला.

"कसली कावीळ, माय? छातीत गाठ व्हती तिच्या. तिच्या आईलाबी तेच, भर जवानीत. तुमा पोरींच्या सोयरिकी मोडतील म्हून कुनी बोललं न्हाई."

गाभाऱ्यात त्या दिवशी भांडण काढलं नाही. नुसतं डोकं टेकवलं.

पुन्हा बीड गाठलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आई आणि आजी, दोघींना कमी वयात. म्हणजे तुमचा धोका इतरांपेक्षा जास्त. होईलच असं नाही, पण दरवर्षी तपासणी हवी. बहिणींना सांगा, लेकीलाही सांगा." मशीनवरची तपासणी झाली; आज तरी काही निघालं नाही.

पुढच्याच आठवड्यात लेकीला पाहायला पाहुणे आले. जाऊबाई डोळ्यांनी गप्प राहा म्हणत होत्या. मी लेकीला आत नेऊन विचारलं, आई-आजीचं पाहुण्यांना सांगू का? ती म्हणाली, "सांग की आई, मला न्हाई लपवायचं." बाहेर येऊन मी पाहुण्यांना सगळं सांगितलं. चहा घेऊन पाहुणे "कळवतो" म्हणाले.

निरोप अजून आलेला नाही. घोर आहे, खोटं कशाला बोलू? पण त्या रांगेत त्या बाईला माझ्यापुढे कुणी उभं केलं, हे मी विचारत नाही, हात जोडते. सोयरीक गणपतीवर सोडली आहे, तपासणी माझ्याकडे ठेवली आहे. फक्त वाटत राहतं, माझ्या आईलाही तिच्या आईचं दुखणं कुणी वेळेवर खरं सांगितलं असतं, तर त्या दिवशी पाहुण्यांसमोर तीही बसली असती.