गार हलगी

सरांनी फळ्यावर ‘पोत’ असा शब्द लिहिला आणि बोट माझ्याकडे केलं. "पुढच्या रविवारी तू हलगी वाजव. तुमच्या रक्तातच असते ती. तेच तुझ्या परीक्षेचं प्रात्यक्षिक."

हजेरीतलं माझं आडनाव वाचून त्यांना माझं रक्त कळलं होतं. लोणावळ्यातल्या बंगल्यात रविवारी भरणारा संगीतशास्त्राचा वर्ग. बाकीचे सगळे हौशी, सेवानिवृत्त, पुण्या-मुंबईचे. मला मात्र शाळेत संगीतशिक्षिका व्हायचं होतं आणि त्यासाठी ह्या वर्गाचं प्रमाणपत्र हवं होतं. एक सूर एकटा चालला की एकपदरी पोत, दोन-तीन सूर एकमेकांत विणले की बहुपदरी, हे सगळं मला पाठ होतं. कुणी विचारलंच नाही. मला वाजवायला बोलावलं होतं, तेही कशाला? हलगीला पोत नसतो, नुसता ठोका असतो, हे दाखवायला, असं सरांनीच वर्गाला सांगितलं.

आमच्या घरात हलगी नाही. बेगडेवाडीला घरी आले आणि आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, सांगितलं. ते म्हणाले, "बुद्धाची दीक्षा घेतली तवा माझ्या बानं हलगी खाली ठेवली. गावानं दोनदा बोलावणं धाडलं. ग्येला न्हाई." त्यानंतर गावानं पणजोबांना वर्षभर कामाला बोलावलं नाही. हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं.

मग आबांनी जेवणाचं ताट उपडं घातलं. उजव्या हातात टिपरूच्या, म्हणजे जाड काठीच्या, जागी लाटणं, डाव्या हातात खराट्याची काडी. लाटणं मधोमध, काडी कडेला. लाटणं सावकाश चालत होतं आणि काडी त्याच्या अंगावरून धावत होती. लहानपणी बापाचं बघून शिकलेलं, इतकी वर्षं हातात राहिलेलं. मी वही आणली आणि दोन ओळींत मात्रा मांडल्या. उठताना ते म्हणाले, "थंडीत चामडं मऊ पडतं. आदी जाळावर शेकायची."

रविवारी सरांनी हलगी कुठून तरी पैदा करून आणली होती. सकाळचं धुकं, खिडक्या उघड्या, हलगी थंड फरशीवर पडलेली. सरांनी स्वतःच तिच्यावर एक काठी हाणली. भिजल्या गोणीसारखा आवाज आला.

"ऐकलंत? पोतच नाही," सर म्हणाले. वर्ग माना डोलवत राहिला. एक बाई वहीत लिहूनही घेत होत्या.

मला हसू आलं. चाळीस वर्षं संगीत शिकवल्याचं सांगणाऱ्या माणसाला गार चामडं ओळखता येत नव्हतं. त्यांनी हलगी माझ्या हातात दिली. मी ती टेबलावर ठेवली.

"सर, ही शेकलेली नाही. शेकल्याशिवाय वाजत नाही. आणि मी वाजवणार नाही. लिहून दाखवते."

मी खडू घेतला. फळ्यावर दोन ओळी आखल्या. वर काडीच्या मात्रा, खाली टिपरूच्या. दोन्ही कुठे भेटतात, कुठे सुटतात, तेही मांडलं. ‘पोत’ ह्या त्यांच्या शब्दाच्या अगदी खाली.

सरांनी डस्टर उचलला. "गुण प्रात्यक्षिकाचे आहेत," इतकंच म्हणाले आणि फळा पुसला. पुसता येतं तेवढंच त्यांना येत होतं. मला शून्य दिलं. प्रमाणपत्र मिळालं नाही.

मला वाईट वाटलं ते शाळेतल्या नोकरीचं. सरांचं काहीच वाटलं नाही. असल्या माणसाचा मान राखायचा म्हणजे आधी आपले कान बंद करावे लागतात.

परीक्षेला पुन्हा बसणार आहे, दुसरीकडे. लेखी पेपरात हलगीच लिहीन. तिथेही कुणी माझं आडनाव वाचून हातात हलगी दिली, तर ती खाली ठेवीन आणि खडू मागीन.