प्रमोदची मानेची पीटी

आमची पोस्ट उत्तरेकडच्या बर्फाळ डोंगरात होती. अकरा जवान. मी खापरखेड्याचा, तर लान्स नाईक प्रमोद रेवतकर नरखेड तालुक्यातला. एकाच जिल्ह्याचे म्हणून आमची जोडी लावली. फौजेत त्याला बडी म्हणतात. डोक्यावर हेल्मेट, पाठीवर वीस-बावीस किलो. संध्याकाळपर्यंत मान आणि खांदे दगड होत.

प्रमोदने पीटीचा कोर्स केला होता. रोज सकाळी सहाला तो आम्हाला बंकरसमोर उभं करी. हनुवटी छातीला, दहापर्यंत मोजा. कान खांद्याकडे, खांदा वर येऊ द्यायचा नाही. मग दोन्ही खांदे मागे गोल.

"झटका देऊ नका गा. मान हाय, हँडपंप नाही."

एके सकाळी मी कंटाळा केला, स्लीपिंग बॅगमध्येच पडून राहिलो. साडेआठला गस्तीची तुकडी निघणार होती आणि माझी मान डावीकडे वळेना. पुढे चालायची पाळी माझी होती.

प्रमोदने मानेवर अंगठा दाबून पाहिला. "पीटीले काहून नाही आला? तू मागं राह्य. मी पुढं जातो."

मी हो म्हणालो.

नऊ चाळीसला उतार सरकला. फार आवाजही झाला नाही. प्रमोद होता तिथे नुसता बर्फ दिसत होता.

मी रेडिओ घेतला. "बेस, स्लाइड झाली. एक जवान खाली. ओव्हर."

"कोण? ओव्हर."

"रेवतकर. ओव्हर."

"खोदत राहा. टीम निघाली. आउट."

फावडी दोनच होती. बाकीच्यांनी हातांनी खोदलं. साडेअकराला तो सापडला.

दुसऱ्या दिवशी सहाला सुभेदार साहेब स्वतः समोर उभे राहिले. "हनुवटी छातीला." सातपर्यंत मोजलं. पुढचे आकडे त्यांना म्हणता आले नाहीत.

आता मी शहरात, सदर भागातल्या एका ऑफिसात गार्ड आहे. कॉम्प्युटरवर वाकून तिथल्या मुलींच्या माना धरतात. दुपारी चारला मी त्यांच्याकडून हे व्यायाम करून घेतो. एकीने विचारलं, "काका, कुठं शिकले तुम्ही?"

"प्रमोद रेवतकरकडून," मी म्हणालो. बाकीचं सांगितलं नाही.

त्या दिवशी पुढे चालायची पाळी माझी होती, हे त्याच्या आईला मात्र सांगितलं होतं. सुट्टीत गावी गेलो तेव्हा. ती म्हणाली, "त्याले लहानपणापासून थंडी सोसत नव्हती. लवकर काढलं ना गा तुमी?"

"हो काकू. पाच मिनिटांत."